पहिले आपणच

दुकान हरवलंय हे त्याला कळलं ते गणिताच्या बाईंमुळे, आणि तोवर बायको जाऊन ऋतू पालटला होता. त्या दिवशी तो दुकान आवरायला बसला होता. आवरायला म्हणजे काय, तर एक फर्मा उचलायचा, त्याच्यावरची धूळ पुसायची आणि जिथला तिथे टांगायचा. लाकडी पावलांचे ते फर्मे भिंतीवर जोडीजोडीने लावलेले होते, आणि त्यातली एकही जोडी सारखी नव्हती. कुणाचा डावा पाय बोटभर आखूड, कुणाचा उजवा आत वळलेला, कुणाची टाच लहानपणीच्या दुखण्यात आखडलेली. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जुळत नाहीत अशा माणसांसाठी बायको बूट बनवायची. असा माणूस एका गल्लीत फार तर एक सापडतो. त्याच्या शेजाऱ्याला हे दुकान माहीत असायचं कारण नाही. त्याला शोधतच यावं लागतं. बाई दार ढकलून आत आल्या तेव्हा त्याने आधी त्यांची चाल ऐकली. एक पाऊल ठक्, दुसरं घासत. बायको असती तर मान वर न करता तिने विचारलं असतं, हा बूट कुणी घातला तुमच्या पायात?

"म्हणजे आहे की दुकान!" बाई दारातूनच म्हणाल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मला वाटलं, गाशा गुंडाळलात. कुठे आहेत त्या?"

त्याने सांगितलं. बाई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "किती शोधलं हो मी तुम्हाला. तुम्ही जागा बदललेली, त्यात माझा फोन पाण्यात पडला, सगळे नंबर गेले. नवीन फोनवर रोज शोधायची. लहानमोठ्या पायांचे बूट, एक पाय आखूड, काय काय टाकून बघितलं. नाहीच. शेवटी म्हटलं, बंद केलं असणार. मग हे घेतलं." त्यांनी बुटातून रबराची एक जाड पट्टी उपसून काउंटरवर टाकली. "कंबरेचं वाटोळं झालं. आज पत्ता विचारत विचारत आले, म्हटलं निदान काय झालं ते तरी कळेल."

"नाहीच कसं?" तो म्हणाला. "पहिले आपणच आहोत." आणि त्याने रोजच्या सवयीने आपल्या फोनवर ते शब्द टाकले आणि फोन बाईंपुढे धरला. सगळ्यात वर दुकानाचं नाव होतं, बायकोने टाच घासताना काढलेला फोटो होता, पत्ता होता. बाईंनी चष्मा लावला. मग स्वतःचा फोन काढला, तेच शब्द त्याच क्रमाने टाकले, आणि दोन्ही फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. बाईंच्या फोनवर वर चार जाहिराती होत्या, 'जाहिरात' हा शब्द मुंगीएवढा. त्याच्याखाली शोधून देणाऱ्या त्या कंपनीचाच बाजार, त्यात रबरी पट्ट्यांची रांग. मग एका गादीवाल्या कंपनीचा लेख, मग आणखी पट्ट्या, मग कुणीतरी कुणाला विचारलेले प्रश्न. बाई बोटाने पान वर ढकलत राहिल्या. पान संपलं, दुसरं आलं, तिसरं आलं. दुकान आलं नाही.

"तुम्ही रोज बघत असाल," बाई म्हणाल्या.

"रोज सकाळी."

"मग बरोबर आहे. तुमच्या फोनला ठाऊक झालंय तुम्हाला काय हवंय ते. तो तुम्हाला तेच काढून देतो. ज्याला त्याला वेगळं दिसतं म्हणे. माझी भाची सांगत होती." वर्गात एखाद्या पोराचं उत्तर चुकलेलं हलक्या आवाजात सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं. पण त्याचं डोकं तिथेच थांबलं होतं. रोज सकाळी, या शब्दांवर. बाई गेल्यावरही ते दोन फोन त्याला काउंटरवर दिसत राहिले, एकात दुकान असलेला, एकात नसलेला. तो दुकानाच्या मधोमध उभा होता आणि भिंतीवरची सगळी पावलं त्याच्याकडे तळवे करून लटकत होती. राग आला तो आधी जबड्यात आला. दात इतके आवळले गेले की कानात घूं घूं वाजायला लागलं.

कारण रोज सकाळी चहा झाला की तो हेच करायचा. लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यापासून दुकानाचा फोन, पार्सलं आणि गिऱ्हाइकांच्या तारखा तोच बघायचा. गिऱ्हाईक आटायला लागलं तशी बायको सकाळी कप हातात धरून नुसतीच बसायला लागली, आणि तिला बरं वाटावं म्हणून तो फोनवर ते शब्द टाकायचा आणि तिच्या पुढ्यात धरायचा. बघ, पहिले आपणच. ती बघायची. आधी आधी हसायची. म्हणायची, अहो, तुम्हीच त्या कंपनीच्या मालकाला चार पेढे चारून आलात की काय. मग हसायची बंद झाली. एकदा तिने विचारलं, "अहो, म्हणजे लोकांना दिसतं ना दुकान?" "दिसतं की. न दिसायला काय झालं? सगळ्यात वर आहे." "मग बघून पुढे जातात म्हणायचं," ती म्हणाली, आणि कप खाली ठेवून दुकानात गेली. त्याला त्या वाक्यातलं तेव्हा काहीच कळलं नव्हतं. वाक्य साधं होतं, हिशेबही बरोबर होता. दुकान सगळ्यांना दिसतंय आणि तरी कुणी येत नाही, तर खोट दुकानात. दुकानात होतं कोण? ती. म्हणजे खोट तिच्यात. तो रोज सकाळी उठून, चहा झाल्यावर, प्रेमाने, पुराव्यासकट, बायकोला सांगत होता की खोट तुझ्यात आहे.

आणि तिने मानलं. तिची कामाची रीत अशी होती की बूट तयार झाला की गिऱ्हाइकाला दुकानामागच्या लाकडी पट्ट्यांच्या बोळातून चालवायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसायचं. बघायचं नाही. डोळा फसतो, म्हणायची, माणूस समोर असला की डोळा त्याला बरं म्हणायला जातो. ती नुसती ऐकायची. ठक्, ठक्. दोन पावलं वेगळी वाजली की बूट परत घ्यायची, तळातल्या बुचाच्या थराला कागदाएवढी तासणी द्यायची, पुन्हा चालवायची. दोन्ही पावलं एकसारखी वाजली की उठायची आणि गिऱ्हाइकाकडे वळायची. वळल्यावर तिच्या तोंडावर जे असायचं ते लग्नाच्या फोटोतसुद्धा नव्हतं. शेवटच्या वर्षात हे बिघडलं. एक पोस्टमन होता, वर्षानुवर्षांचा. त्याचा नवा जोड त्याला मस्त बसला होता. तरी तिने त्याला बोळातून चालवलं, पुन्हा चालवलं, तळ उसवला, पुन्हा शिवला. "ताई, आता अजून चालवलंत तर इथेच नवा झिजेल," तो म्हणाला. ती हसली नाही. पोस्टमन गेल्यावर ती म्हणाली, "बरं वाटावं म्हणून बोलतो तो. मला दोन आवाज वेगळे येतायत." तो तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. कान उत्तम निघाले. तिला त्याचा आनंद झाला नाही. घरी येताना बसमध्ये खिडकीकडे बघत म्हणाली, "मग हातच गेला माझा." "तुझ्या हाताला काही झालेलं नाही," तो म्हणाला. तिने विचारलं, "कशावरून?" कशावरून ते त्याला सांगता आलं नाही. त्याने काय केलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन काढला.

दुकानामुळे ती गेली असं तो म्हणत नाही. हृदय होतं, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, औषधं चालू होती, दुपारी झोपली ती उठली नाही. मरण कुणाला चुकवता आलं नसतं. पण जाताना ती काय मानून गेली, हे कुणाच्या तरी हातात होतं. आणि ज्याच्या हातात होतं त्याचं नाव नाही, तोंड नाही, टेबल नाही. बाजारात एखाद्याची टपरी उचलून मागच्या गल्लीत टाकली तर त्याला निदान दिसतं, टपरी हलली. तो शिव्या देतो, चार माणसं जमवतो. इथे टपरी उचलली आणि त्याला दिसावी म्हणून तिचं चित्र जागेवर ठेवलं. फक्त त्याच्या डोळ्यांपुरतं. लिफ्टच्या कामात पस्तिशीपासून साठीपर्यंत त्याने एवढंच केलं होतं: बंद पडलेली गोष्ट का बंद पडली ते शोधायचं. पॅनेल उघडायचं, दिवा लावून बघायचं, कुठला रिले चिकटलाय ते दिसतंच. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही, तर तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं काही चुकलं असं कुठला मेकॅनिक म्हणत नाही. यंत्र आहे म्हणजे कारण आहे. माणूस लहरीपणा करतो, यंत्र करत नाही. मग हे कुठलं यंत्र, ज्याचं पॅनेल कुणी उघडून दाखवत नाही?

त्यानंतर त्याला एक खोडच लागली. भेटेल त्याला तो म्हणायचा, जरा एक शोधून बघता का? औषधवाल्याला म्हणाला, शेजारच्या विम्याच्या एजंटाला म्हणाला, बसथांब्यावर पोर कडेवर घेतलेल्या एका बाईला म्हणाला, ती दोन पावलं मागे सरकली. न्हाव्याकडे दाढीचा साबण तोंडाला लावलेला असताना तो आरशातून मागच्या बाकावरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला. न्हावी वैतागला. "अहो लिफ्टवाले, वस्तरा गळ्यावर आहे, जरा गप्प बसता का?" पण त्यानेही हात पुसून आपल्या फोनवर शोधलं. न्हाव्याच्या फोनवर दुकान पाचव्या पानावर सापडलं. बाकावरच्या माणसाच्या फोनवर सापडलं नाही. न्हाव्याच्या बायकोच्या फोनवर सापडलं, पण पत्ता जुना आणि खाली लिहिलेलं, इथे सध्या कुणी नसावं. "हे म्हणजे आमच्या मेव्हण्यासारखं झालं," न्हावी म्हणाला, "ज्याला विचाराल तो वेगळाच पत्ता देतो." बाकावरचा माणूस हसला. साबणाखाली त्याचा चेहरा तापत गेला. त्याला ओरडायचं होतं की ती इथे होती, रोज सकाळी आठला शटर वर जायचं, दिवा लागायचा, आरी चालायची, तुम्ही त्या दारावरून जात होतात. पण न्हावी वाईट माणूस नव्हता. इथे रागवायला कुणी नव्हतंच. रागवण्यासारखं माणूस शोधायला म्हणून तो त्या कंपनीच्या कचेरीत गेला.

कचेरी एका उंच इमारतीत होती. लिफ्टमध्ये शिरल्या शिरल्या त्याची नजर सवयीने वर गेली. आरशाशेजारी काचेच्या चौकटीत तपासणीचा दाखला होता: कुणी तपासली, कधी तपासली, किती वजन झेपतं, पुढची तपासणी कधी, खाली सही आणि शिक्का. अशा दाखल्यांसाठी त्याने आयुष्यभर अधिकाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. एका घाणेरड्या दोरासाठी अख्खी इमारत आठवडाभर जिन्याने चढवली होती. चार माणसं वरखाली नेणाऱ्या डब्याला एवढं सगळं लागतं. वर काचेच्या दारामागे एका तरुणाने त्याला पाण्याची बाटली दिली आणि अगदी अदबीने समोर बसवलं. गळ्यात ओळखपत्र, चेहरा कोवळा, दात पांढरेशुभ्र.

"सर, इथे आम्ही फक्त जाहिराती बघतो," सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला.

"मग क्रम कोण लावतं?"

"क्रम सिस्टिम लावते, सर."

"आणि ती सिस्टिम बसते कुठे? कितव्या मजल्यावर?"

तरुण हसला. "तसं नसतं ना सर. ती ऑटोमॅटिक असते."

"लिफ्टपण ऑटोमॅटिक असते. पण कुणीतरी बनवून बसवलेली असते. ही कुणी बनवली?"

"आमच्या इंजिनिअर लोकांनी."

"मग त्यातला एखादा बोलवा. मी थांबतो."

"ते इथे नसतात सर. आणि असते तरी त्यांना सांगता आलं नसतं. क्रम कसा लागतो ते उघड केलं तर लोक गैरफायदा घेतात."

"आणि उघड न करता कोण घेतं?"

तरुणाने बाटली त्याच्याकडे थोडी सरकवली. मग पडद्यावर काहीतरी काढून पडदा त्याच्याकडे वळवला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जीव आला. रोज थोडी रक्कम टाकली तर दुकान आजपासून वर दिसू शकेल, रक्कम तुमची तुम्ही ठरवायची, कधीही थांबवायची. किती सोपं आहे ते तो बोटाने दाखवत होता. आपला आवाज वाढलाय हे काचेपलीकडची दोन डोकी वर झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे खाली का गेलं ते तुम्हाला सांगता येत नाही. वर कसं यायचं ते मात्र सांगता येतं." "सर, दोन वेगळे विभाग आहेत." "आणि तुमचा स्वतःचा बाजार सगळ्यांच्या वर कसा? तो कुठल्या विभागात येतो?" तरुणाने पडदा परत आपल्याकडे वळवला. मग अगदी सहज, मदत करायची म्हणून त्याने विचारलं, "सर, मालक तुम्हीच का?" "मालकीण होती. वारली." "अरेरे. सॉरी सर. मग तुम्ही असं करा ना, नावापुढे 'कायमचं बंद' लावून टाका. म्हणजे लोकांचा गोंधळ होणार नाही." "कुठल्या लोकांचा?" तो उभा राहिला. खुर्ची मागे सरकून काचेवर आदळली. "कुणाला दिसतंय ते? सांग ना, कुणाचा गोंधळ होतोय?" पोरगा खरंच घाबरला होता. त्याच्या पांढऱ्या दातांवर ओठ बसत नव्हते. खाली येताना लिफ्टमध्ये त्याला त्या पोराची दया आली, आणि दया आल्याचा पुन्हा राग आला. हेच तर असतं यांचं. पुढे असा एखादा पोरगा बसवायचा, ज्याला मारताही येत नाही.

मुलगी त्या आठवड्याच्या शेवटी आली. ती दुसऱ्या शहरात असते, आणि तिचं काम नेमकं हेच आहे. एका कंपनीची पानं शोधात वर आणून द्यायची. आई अभिमानाने गिऱ्हाइकांना सांगायची, आमची लेक लोकांना वर चढवते. तिने पिशवी खाली ठेवायच्या आत त्याने गणिताच्या बाईंनी त्याच्यासाठी छापून आणलेलं पान तिच्या हातात दिलं आणि त्यावरच्या गादीच्या लेखावर बोट ठेवलं. "पाय लहानमोठे असतील तर झोपावं कसं. हा तुमचाच ना?"

तिने ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "आमचा आहे," ती म्हणाली.

"हे शब्द कुठून मिळाले तुला? गादीवाल्याला लहानमोठ्या पायांचं काय पडलंय?"

"बाबा, अंगदुखीचे सगळे शब्द घ्यायला सांगितले होते. मी यादी केली. हे मला…" ती थांबली. "हे मला घरूनच माहीत होतं. लोक काय टाकून शोधतात ते. आई फोनवर सांगायची ना."

"म्हणजे आई खाली जात होती आणि तू तिच्या जागेवर गाद्या अंथरत होतीस."

"मला काय ठाऊक आई खाली जातेय! मी दर दोन दिवसांनी बघायची. माझ्या फोनवर आई पहिली होती!" ती ओरडली तेव्हा तिचा आवाज अगदी तिच्या आईसारखा फाटला. म्हणजे तिघं होते. जगात तीन माणसं होती ज्यांना ते दुकान पहिलं दिसत होतं, आणि तिघं मिळून एकमेकांना धीर देत होते.

मग ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली आणि तिने त्याला काय काय असू शकतं ते सांगितलं. असू शकतं, असंच ती प्रत्येक वेळी म्हणाली. पान हळू उघडत असेल. फोटोंखाली काही लिहिलेलं नाही म्हणून असेल. वर्षात एकदा ते लोक सगळी मोजमापं बदलतात, त्यात गेलं असेल. "आणि आईला कुणी चांगलं लिहायचं नाही, बाबा. खाली लोक अभिप्राय देतात, तारे देतात, ते आईला जवळजवळ नव्हतेच. रबरी पट्टीला हजारो आहेत." त्याने मनात जुळवून बघितलं. पट्टी घेणारा लिहिणारच. त्याचं पार्सल उशिरा आलं, रंग आवडला नाही, तो लिहिणार. पण बायकोच्या बुटाचं सगळं कसब असं की तो बूट कुणाला कळू नये. पोस्टमन बावीस वर्षं त्याच वाटेने चालला आणि त्याच्या साहेबाला कधी कळलं नाही की त्याचा एक पाय आखूड आहे. एक नवरीमुलगी बायकोकडून चपला घेऊन गेली होती, आणि सासरच्यांसमोर बायकोने तिला ओळखसुद्धा दाखवू नये असं सांगून गेली होती. बायकोने दाखवली नाही. असे लोक आपलं नाव लावून, चव्हाट्यावर, पाच तारे देत लिहितील का, की माझा पाय आखूड आहे आणि या बाईंनी तो झाकला? ते गप्प बसले, कारण काम चांगलं झालं होतं. आणि यंत्राने त्यांचं गप्प बसणं मोजलं आणि म्हटलं, इथे काही नाही.

"तेच असेल," तो म्हणाला.

"असेल किंवा नसेलही," मुलगी म्हणाली. "कुणालाच ठाऊक नाही, बाबा. आम्हालाही नाही. आम्ही अंधारात दगड मारतो, लागला तर पैसे घेतो. पगारच त्याचा आहे."

त्याला वाटलं होतं की मुलीवर ओरडलं की हे जबड्यातलं सुटेल. सुटलं नाही. ती तिथेच जमिनीवर झोपून गेली, आईची शाल न मागता घेऊन, आणि तिच्याकडे बघताना त्याला कळलं की तिच्यावरचा राग संपला तर पुढे दुसरा कुणी ठेवलेलाच नाही. बाई नाहीत, न्हावी नाही, तो दातवाला पोरगा नाही, मुलगी नाही. मग उरतो तो स्वतः, रोज सकाळी फोन पुढे धरणारा. तिथे जाऊन बसणं सोपं होतं. शेजारीपाजारी तेच म्हणाले असते, जाऊ द्या, तुम्ही प्रेमानेच केलंत. पण तो तिथे बसायला तयार नव्हता. खोटं चित्र त्याने काढलं नव्हतं. त्याने फक्त दाखवलं. घड्याळ चुकीचं चाललं आणि माणसाची गाडी चुकली, तर वेळ वाचून सांगणाऱ्याला कोण धरतं? त्याला अपराधी वाटून घ्यायचं नव्हतं, कारण अपराधी वाटून घेतलं की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो. आणि हे सगळं त्यांच्या फार सोयीचं होतं. बायको म्हणाली माझा हात. मुलगी म्हणते माझी यादी. तो म्हणणार माझा फोन. घरातल्या घरात सगळ्यांनी गुन्हा वाटून घेतला की वर कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

सोमवारी दोघं ग्राहकांच्या तक्रारी घेतात त्या सरकारी कचेरीत गेली. खिडकीमागच्या बाई वयस्क होत्या, स्वेटर विणता विणता थांबल्यासारख्या बोलायच्या. "नुकसान किती झालं ते सांगा."

"पैशाचं नाही मागायचं."

"मग काय मागताय?"

"कारण."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काका, इथे माल बदलून मिळतो, पैसे परत मिळतात. कारण मागायला अजून कुणी आलं नव्हतं."

"मी आलोय. बायकोचं दुकान खाली ढकललं ते कशासाठी, आणि आम्हाला वर दाखवलं ते कशासाठी, एवढं त्यांनी लिहून द्यावं. ते यंत्र कुणी तपासलं, कधी तपासलं, तेही. लिफ्टला लागतं, मग याला का नाही?"

बाईंनी मुलीकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. मागच्या टेबलावरचा कुणीतरी म्हणाला, "घ्या हो मॅडम, घ्या. माझ्या भावाचं हॉटेल असंच गेलं." बाईंनी तक्रार घेतली. कंपनीचं उत्तर आलं ते तिच्या मानाने लवकर आलं. क्रम अनेक घटकांवर अवलंबून असतो, वापरणाऱ्याला उपयुक्त ते वर यावं असा प्रयत्न असतो, एखाद्या व्यवसायाबद्दल स्वतंत्रपणे सांगता येत नाही, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. हे शेवटचं वाक्य त्याने मुलीला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. "भावना समजू शकतात," तो म्हणाला, "आणि भावना मागितल्या कुणी?" मुलगी हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. तिने नोकरी सोडलेली नाही. घराचे हप्ते आहेत, तो तिला सोड म्हणालाही नाही. तिने तो लेख मात्र काढून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या साहेबाने तो परत लावला, कारण तो चांगला चालत होता.

त्याने उत्तराला उत्तर लिहिलं. गणिताच्या बाईंनी भाषा तपासून दिली आणि रागाचे तीन शब्द खोडले, त्यातला एक त्याने पुन्हा घातला. पोस्टमनने सही केली, आणि सही करताना नावापुढे लिहिलं, डावा पाय आखूड. आपण होऊन लिहिलं, कुणी सांगितलं नव्हतं. त्या नवरीमुलीला त्याने विचारलं नाही. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, वर पाठवते, वर म्हणजे कुठे ते मलाही नीट ठाऊक नाही. सकाळी चहा झाला की हात अजून फोनकडे जातो. तो फोन उचलतो आणि शब्द न टाकता ठेवून देतो, कारण काय दिसणार ते ठाऊक आहे आणि ते बघायची आता शिसारी येते.

सुनावणीची तारीख लागलेली नाही. कंपनीने कारण दिलेलं नाही. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, असं तो बायकोला पुष्कळदा म्हणाला होता. कशावरून, ते सांगायचं राहिलं आहे.